मोठी पुण्याला निघालीये, धाकटी आठवीत. बापानं पोरींना नेमकं काय सांगावं?

माणदेशी_कंडक्टर:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथं नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मी एसटीत कंडक्टर, माण तालुक्यातला. दोन मुली. मोठीची बारावी सायन्स झाली, सीईटीला चांगले मार्क पडले आणि कॅप राऊंडला, म्हणजे सरकारच्या सामायिक प्रवेश फेरीत, पुण्यात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला नंबर लागला. पुढच्या आठवड्यात हॉस्टेलला सोडायला जायचंय. आम्ही ओबीसीत, उत्पन्न आठ लाखाच्या आत, त्यामुळं २०२४ च्या नियमानं मुलींची कॉलेजची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ आहे, राहायखायचा खर्च तेवढा बघायचा. धाकटी आठवीत आहे. बायको खंबीर आहे पण आई आणि भाऊबंद यांचं रोज सुरूच, एवढ्या लांब कशाला, दहिवडीत कॉलेज आहे की, बीएस्सी करू दे, तोवर स्थळं बघू.

सकाळच्या पहिल्या गाडीला ड्युटी असली की मी हेच बघतो. खेड्यातल्या पोरींना बारावीपर्यंत अहिल्यादेवी होळकर योजनेचा फुकट पास असतो, त्यामुळं गाडी पोरींनी गच्च, दप्तर मांडीवर, ओठातल्या ओठात पाठांतर चाललेलं, कोण कुठल्या स्टॉपला चढणार आणि कुणाचा आज पेपर आहे सगळं मला ठाऊक असतं. आणि बारावी झाली की त्यातल्या कितीतरी दिसायच्याच बंद होतात. दीडदोन वर्षांनी एकदम कडेवर पोर घेऊन माहेराला येताना भेटतात, अर्ध्या तिकिटाचे पैसे काढून देतात, ओळखतात, हसतात, मला काय बोलावं सुचत नाही. त्यातली एक पोरगी होती, सुट्ट्या पैशाचा हिशोब माझ्या आधी करायची, काका तुम्ही बारा रुपये जास्त दिले त्यांना, असं मागनं ओरडून सांगायची. ती परवा भेटली. तेव्हापासून डोक्यातनं जात नाही.

आमच्या तालुक्यातलंच मोही गाव, ललिता बाबर तिथली, २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या फायनलला धावली, दहावी आली. आमच्याकडं सगळे बाप अभिमानानं तिचं नाव घेतात, पण स्वतःच्या पोरीनं पहाटे पळायला जाते म्हटलं की नको म्हणतात. मला तसं करायचं नाही.

अडचण अशी की मला बोलता येत नाही. माझे वडील माझ्याशी कामापुरतं बोलायचे, बहिणींशी तेवढंही नाही. पोरीला सोडताना काहीतरी सांगावं वाटतं जे तिला पुढं उपयोगी पडेल, नुसतं नीट राहा, अभ्यास कर, जपून राहा एवढंच नको. तर ज्या ताई, मुली इथं आहेत त्यांनी सांगा, वडिलांचं कोणतं बोलणं पुढं खरंच कामाला आलं? आणि जे बाप आहेत त्यांनी काय सांगितलं? धाकटीचं पण सांगा, ती अबोल आहे, ताईसारखं मला जमत नाही म्हणते सारखी.


रानजाई:

दादा, आधी लेकीचं मनापासून अभिनंदन, आणि वहिनींचंही.

माझे वडील शेतकरी, राधानगरीकडचे, चौथी शिकलेले. त्यांनी मला समोर बसवून उपदेश केल्याचं आठवत नाही. पण मी हायस्कूलला गेल्यापासून ते जातील तिथं मला न्यायचे. सोसायटीत, जिल्हा बँकेत, तलाठ्याकडं, कारखान्याच्या गट ऑफिसला. तिथं सगळे बापयेच बसलेले असायचे, एखादा म्हणायचाच की पोरीला कशाला आणलंय उन्हातान्हाचं, तर वडील म्हणायचे, तिला कळायला पाहिजे. बास, एवढंच. पैसे काढायची स्लिप मी भरायची. चुकली की फाडायची आणि दुसरी घ्यायची, मागं लाईन खोळंबली, लोक कुरकुरायला लागले तरी माझ्या हातातली स्लिप त्यांनी कधी ओढून घेतली नाही.

सातबारा त्यांनी मला अंगणात खाटेवर पसरून शिकवला. वर गट नंबर बघायचा, मग जमीन वर्ग एक आहे का दोन, दोन असंल तर विकताना परवानगीचं लचांड असतं, मग खातेदारांची नावं आणि कुणाच्या नावापुढं किती गुंठे, आणि शेवटी इतर हक्काचा रकाना. सोसायटीचा बोजा, बँकेचा बोजा, म्हणजे जमिनीवरचं कर्ज, सगळं तिथं असतं. म्हणायचे, लोक नाव बघून खूष होतात, तू बोजा बघत जा.

मी बावीस वर्षांची असताना त्यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं गेलं. आईला सही येते पण कागदाची भीती वाटते. तेव्हा पीक कर्जाचं नवंजुनं, ऊसबिल, पाणीपट्टी, दवाखान्याचे पैसे हे सगळं मी बघितलं, कुणाच्या दारात जावं लागलं नाही. चुलते आले होते, कागद आमच्याकडं दे, आम्ही बघतो. मी म्हटलं काका चहा घ्या, कागद आहेत माझ्याकडं. वडील कॉटवर पडून ऐकत होते.

म्हणून तुम्हाला सांगते, पुण्याला गेल्यावर ॲडमिशनच्या खिडकीला तिला पुढं करा. हॉस्टेलचं डिपॉझिट, मेसचे पैसे, बँकेत पत्ता बदलणं, सगळं तिला बोलू द्या. क्लार्क तुमच्याकडं बघून बोलेल, तेव्हा तुम्ही तिच्याकडं बघा. तो आपोआप तिच्याशी बोलायला लागेल.


अमरावतीचा_बाप:

भाऊ, मले तीन पोरी आहेत, पोरगा नाई. मोठी पोलीस भरतीत लागली म्हणून तिचंच सांगतो.

भरतीत पोरीईले आठशे मीटर, शंभर मीटर आन् गोळाफेक असते, पन्नास मार्काचं ग्राउंड, मंग लेखी. पहिल्या भरतीत पोरगी धावण्यात बरी होती पण गोळा जवळच पडे, मार्क कमी पडले, राहिली. घरी आली, दार लावून झोपली. नातेवाईक मंडळी तयारच होती, आता बस झालं म्हणत होती.

मी आधीपासून एक पाळलं होतं, तिले 'तू करशीलच, मले माहीत आहे' असं म्हणायचं नाई. बाकीचे बाप म्हणत, कौतुकानं म्हणत, पण पोरीच्या डोक्यावर त्याचं किती ओझं होते ते माह्या बहिणीचं पाह्यलं होतं मी. ती नापास झाली तं बापाले सांगाची हिंमत झाली नाई तिची. म्हणून मी पोरीले म्हटलं, राहिली तं राहिली, या घरात कोणी तुले एक शब्द बोलणार नाई, बोललं तं मी पाहतो. उद्या ग्राउंडवर जाचं का नाई हे तूच ठरव, मी विचारणार नाई. आन् खरंच विचारलं नाई. लय जड गेलं न विचारणं. काही दिवसांनी पहाटे तिनंच आवाज दिला, बाबा चला, उशीर होते.

मंग रोज पहाटे स्टेडियमवर. मी घड्याळ धरून उभा. ती गोळा फेके, मी पाय टाकून अंतर मोजो, वहीत लिहो. गोळा हातानं नाई जात, पायातून आन् कमरेतून जाते हे तिथल्या एका म्हाताऱ्या कोचनं सांगतलं, मंग तसं सुरू केलं, गोळा मानेजवळ धरायचा, बूड खाली, आन् उठता उठता ढकलायचा. वहीत आकडे वाढत गेले. कंटाळा आला, पाऊस आला, पोरगी चिडली की मी वही उघडून दाखवो, पाह्य महिन्यामागं कुठं होती. लोकं म्हणत पोरगी हाफ प्यांटवर धावते. मी म्हणो, हो, धावते.

दुसऱ्या भरतीत निघाली. तुम्ही पोरीले लय काही सांगू नका. ती अडली, विषय राहिला, की तिच्या जवळ जाऊन उभे राहा, आन् ती किती पुढं आली ते दाखवा तिले. एटीकेटी लागली तरी ते घरी सांगाले भ्याली नाई पाहिजे, एवढं करून ठेवा भाऊ.


सरळ_बोलतो:

सगळ्यांचं पटतंय पण एक बाजू कुणीच मांडत नाही म्हणून लिहितो. जग वाईट आहे. मला पण मुलगी आहे. प्रोत्साहन वगैरे ठीक, पण बापाचं पहिलं काम तिला सावध करणं आहे. रात्री उशिरा बाहेर नको, कुणाच्या गाडीवर नको, मोबाईलवर अनोळखी लोक नकोत, रोज ठराविक वेळी फोन झालाच पाहिजे, हे नियम जाण्याआधी स्पष्ट सांगा. पोरींना राग येतो, येऊ दे. काही झाल्यावर रडण्यापेक्षा बरं. पेपर उघडला की पोटात गोळा येतो, ज्याची पोर बाहेर असते त्यालाच कळतं.


हॉस्टेलवाली:

@सरळ_बोलतो काका, तुमची काळजी खरी आहे, माझे बाबा पण असेच काळजी करतात. पण हॉस्टेलमध्ये राहून मी जे बघितलं ते सांगते. ज्या मुलींच्या घरी खूप नियम होते त्यांच्याबाबतीत काही वाईट घडलं तर त्या घरी सांगायच्याच नाहीत, कारण पहिला प्रश्न यायचा तू तिथं कशाला गेली होतीस, आणि दुसरं वाक्य, सामान भर आणि घरी ये. मग त्या एकट्याच निस्तरत बसायच्या. नियमामुळं सुरक्षित राहायच्या असं नाही, फक्त बापाला कळायचं बंद व्हायचं.

मी लातूरची, बाबा टेम्पो चालवतात. सोडायला आले तेव्हा गेटवर म्हणाले, काही पण होऊ दे, तुझी चूक असली तरी पहिला फोन मला करायचा, ओरडायचं असलं तर मी नंतर ओरडीन. मला तेव्हा काही विशेष वाटलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षाला आम्हाला शिकवणारे एकजण रात्री मेसेज करायला लागले, प्रोजेक्टच्या नावानं सुरुवात, मग फोटो पाठव, मग एकटी भेट, इंटर्नलचे मार्क माझ्या हातात आहेत. वर्गातल्या बऱ्याच मुलींना हे माहीत होतं, सगळ्या गप्प, कारण घरी कळलं तर शिक्षण बंद. मी रात्री बाबांना फोन केला, रडत सगळं सांगितलं. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले जेवलीस का. मी म्हटलं नाही. म्हणाले आधी जेव, आणि एकही मेसेज डिलीट करू नको. सकाळी भाडं सोडून पुण्यात हजर. तिथं आल्यावर आरडाओरडा नाही की कुणाची कॉलर धरली नाही. मला विचारलं, काय करायचं तू सांग, तक्रार करायची तर मी सोबत आहे, नाही करायची तरी सोबत आहे.

२०१३ च्या कायद्यानं प्रत्येक कॉलेजात अशा तक्रारीसाठी अंतर्गत समिती असावीच लागते, तक्रार लेखी द्यायची, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत, आणि समितीची अध्यक्ष बाईच असते. हे मला आमच्या सीनियरनं सांगितलं. मी अर्ज दिला, स्क्रीनशॉटचे प्रिंट जोडले, बाबा बाहेर बाकड्यावर बसून होते. माझं बघून आणखी मुलींनी अर्ज दिले. त्या माणसाचं आमच्या वर्गाला शिकवणं बंद झालं आणि पुढं त्यांना कॉलेज सोडावं लागलं. माझं शिक्षण चालू राहिलं.

त्यामुळं कंडक्टर काका, दीदीला ११२ आणि महिलांसाठीचा १८१ हे नंबर सेव्ह करायला सांगा, कॉलेजात समितीवर कोण आहे त्यांची नावं बोर्डावर असतात ती पहिल्याच आठवड्यात बघून ठेवायला सांगा. आणि रात्रीचा फोन तुम्ही उचलाल हे तिला पक्कं माहीत असू द्या, ड्युटीवर असाल तर कुणाला लावायचा ते पण ठरवून ठेवा.


सरळ_बोलतो:

@हॉस्टेलवाली बाळ, वाचलं. तुझ्या वडिलांना माझा नमस्कार सांग. फोनच्या वेळेचा नियम मी ठेवणारच, पण तू म्हणतेस ते मुलीशी आजच बोलतो.


ॲड_मिरज:

मी कौटुंबिक आणि मिळकतीचे दावे चालवते, गेली बरीच वर्षं. माझ्या टेबलासमोर बसून बायका जे सांगतात त्यातलं एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते येणार हे आधीच कळतं, 'बाबांना काय तोंड दाखवू'. मार खाऊन आलेली असते, पोर मांडीवर, शिक्षण अर्धं सोडलेलं, आणि तिला नवऱ्यापेक्षा जास्त भीती माहेरच्या उंबऱ्याची. कारण लग्नात बापानं सगळ्यांसमोर डोळे पुसत सांगितलेलं असतं, आता तेच तुझं घर. बाप प्रेमानंच बोलला असतो, पण ती पोरगी ते आयुष्यभर खरं धरून चालते. म्हणून कंडक्टरसाहेब, तुम्ही जे काही सांगाल त्यात हे एक आत्ताच सांगा, लग्नाची वाट बघू नका, की हे घर तुझंही आहे आणि कधीही, कशाही परिस्थितीत, न विचारता यायचं. आणि ते भाऊबंदांच्या समोर सांगा. एकट्यात सांगितलेलं पुढं कुणाला आठवत नाही.

पण नुसतं सांगून भागत नाही, ते कागदावरही असू द्या, म्हणून कायद्याचं थोडं लिहिते. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मानं हक्क आहे, ९ सप्टेंबर २००५ पासूनची दुरुस्ती. लग्न झालं तरी हक्क जात नाही. वडील त्या तारखेला हयात हवे होते की नाही यावर बरीच वर्षं वाद चालला, तो सुप्रीम कोर्टानं ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा निकालात मिटवला, हयात असायची गरज नाही. तुम्ही स्वतःच्या पगारातून घेतलेलं घर किंवा प्लॉट असेल आणि मृत्युपत्र केलं नाही तर तो तुमच्या पश्चात पत्नी, दोन्ही मुली आणि तुमची आई यांना सारखा जातो. मुलगा नाही म्हणून पुतण्याला जायला पाहिजे असं गावात कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याला कायद्यात आधार नाही.

तरी मृत्युपत्र करून ठेवाच. साध्या कागदावर केलं तरी चालतं, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी सक्तीची नाही पण केलेली बरी. बँकेत नॉमिनी लावला म्हणजे काम झालं असं समजू नका, नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा, मालकी वारसांची.

आणि मुलींना एक सवय लावा, वाचल्याशिवाय सही नाही. हक्कसोड पत्रावर सह्या कशा घेतात मी रोज बघते. बहिणीला दिवाळीला बोलवायचं, साडी घ्यायची, जेवण झालं की म्हणायचं चल जरा रजिस्ट्रार ऑफिसला, एक औपचारिकता आहे. कुठल्या गटाचं, किती क्षेत्राचं, काही माहीत नसतं. नाही म्हटलं तर माहेर तुटेल ही भीती. बहिणीनं राजीखुशीनं सोडायचं ठरवलं तर तो तिचा अधिकार, पण काय सोडतेय हे तिला कळलं पाहिजे. वर रानजाईताईंच्या वडिलांनी बोजा बघायला शिकवलं ना, तसं शिकवणारे बाप असते तर माझ्याकडचे निम्मे दावे दाखलच झाले नसते.


निवृत्त_मास्तर:

वरती सगळं मोठीबद्दल चाललंय, मी धाकटीबद्दल लिहितो, कारण वर्गात अशा मुली मी फार बघितल्या. शिक्षक, पाहुणे, शेजारी सगळे 'तू अमुकची बहीण ना' म्हणून सुरुवात करतात आणि पोर तिथंच मिटते.

आमच्या पिढीला भागवत बहिणी चांगल्या ठाऊक. वडील नारायणराव भागवत रसायनशास्त्रज्ञ, बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमधून, म्हणजे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून, शिकलेले. धाकटी कमला वडिलांच्या वाटेनं गेली. मुंबई विद्यापीठाची बीएस्सी चांगल्या नंबरानं पास होऊन १९३३ साली त्याच इन्स्टिट्यूटकडं अर्ज केला, तर संचालक होते सी. व्ही. रामन, नोबेल मिळालेले, त्यांनी मुलगी म्हणून नाकारलं. ही ऐकेना, मुलगी आहे एवढ्या कारणावरून नाकारता कसं हे त्यांना समोर जाऊन विचारलं. शेवटी एक वर्ष काम बघू अशा अटीवर घेतलं. तो अपमान त्यांना पुढं जन्मभर लागून राहिला होता, पण वर्षभर असं काम केलं की रामननाही मत बदलावं लागलं आणि तिथं मुलींना दार उघडलं. पुढं १९३९ ला केंब्रिजची पीएचडी, त्याच कमला सोहोनी.

आता मोठी बहीण बघा, दुर्गाबाई. तिचं सगळं आयुष्य लोककथा, लोकसाहित्य, निसर्ग, अभ्यास यात. १९७५ ला तुमच्याच जिल्ह्यात कराडला साहित्य संमेलनाची अध्यक्ष, आणि आणीबाणी चालू असताना, समोर यशवंतराव चव्हाण बसलेले असताना, लेखनस्वातंत्र्यावर बोलायला डगमगली नाही, पुढं तुरुंगातही गेली. एकाच घरात वाढलेल्या दोघी, एकीचा रस्ता दुसरीशी कुठं जुळत नाही, आणि निर्भयपणा मात्र दोघींत सारखा. त्या काळात दोघींना आपापल्या वाटेनं जाऊ देणारं घर काय असेल याचा मी बऱ्याचदा विचार करतो.

तुमची धाकटी काय करते ते बघा. मार्क सोडून. रिकाम्या वेळात हात कशाला लागतात तिचे? त्या गोष्टीवर तिच्याशी बोला, तिला प्रश्न विचारा, तुम्हाला त्यातलं कळत नसलं तर जास्तच चांगलं, मग ती तुम्हाला शिकवेल. आठवीतल्या मुलीला बापाला काहीतरी शिकवायला मिळणं यासारखं बळ नाही. आणि ताईचं कौतुक तिच्यासमोर करताना तुलना येऊ देऊ नका, ताई हुशार आहे म्हणा, ताईसारखी हो म्हणू नका. अबोल मुलींना समोरासमोर बसवून बोलतं करता येत नाही. कामात सोबत घ्या, शेंगा निवडताना, गाडी धुताना, डोळ्याला डोळा नसला की बोलतात.


माणदेशी_कंडक्टर:

सगळ्यांचे आभार कसे मानू कळेना. सगळं बायकोला वाचून दाखवलं, वकीलताईंचं दोनदा.

काल भाऊबंद आणि आई सगळे जेवायला होते, मोठी जाणार म्हणून. तिथंच सगळ्यांसमोर सांगितलं. म्हटलं हे घर जितकं माझं तितकं या दोघींचं, शिकून परत या, नोकरी करून परत या, लग्न करून परत या, भांडून परत या, कुणी विचारणार नाही. आणि लग्नाचा विषय तिचं शिक्षण आणि नोकरी होईपर्यंत या घरात कुणी काढायचा नाही. भाऊ म्हणाला आम्ही काय वाईट सांगतो का, मी म्हटलं नाही, पण आता ठरलंय. आई काही बोलली नाही, नंतर मोठीला जवळ बोलवून तिच्या हातात पैसे ठेवले, पदराच्या गाठीतले. मला वाटलं नव्हतं.

धाकटीचं मास्तरांनी बरोबर ओळखलं. ती घरातलं बंद पडलेलं काही टाकू देत नाही. माझा जुना रेडिओ, मिक्सरची मोटार, सगळं खोलून खोक्यात लावून ठेवलंय, प्रत्येक स्क्रूला कागदाची चिठ्ठी. मी आत्तापर्यंत पसारा म्हणून बघत होतो. आज सुट्टी होती, तिच्याजवळ बसलो, म्हटलं हे काय ते सांग मला. तासभर सांगत होती. कॉईल जळते कशी, वास कसा येतो, तांब्याच्या तारेवर वार्निश का असतं. मला निम्मं कळलं नाही पण तिचं तोंड बघत बसलो. तिला एक टेस्टर आणि चांगला पकडीचा सेट आणून देणार आहे, मल्टीमीटर कुठला घ्यावा कुणी सांगेल का, पाचसहाशेच्या आतला. एकच काळजी, करंट. त्यावर काय नियम घालू?

आणि एक, मोठीचं सुकन्याचं खातं आहे पोस्टात, २०१५ ला योजना निघाली तेव्हा उघडलेलं, जमेल तसे भरलेत. हॉस्टेलसाठी त्यातले पैसे आत्ता काढता येतात का? का एकवीस वर्षं थांबावंच लागतं?


हॉस्टेलवाली:

काका 😭 आजीचं वाचून रडू आलं. मल्टीमीटर साधा डिजिटल घ्या, लहान मुलांना तोच बरा, मी इलेक्ट्रॉनिक्सची आहे म्हणून सांगते. आणि नियम एकच, प्लगमध्ये घातलेली वस्तू खोलायची नाही. आधी प्लग काढायचा, मग स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायचा. सध्या बॅटरीवरच्या वस्तूंवरच काम करू दे, घरातल्या लाईनला मीटर लावायचा नाही, ते पुढं दीदी सुट्टीला आली की तिच्यासोबत. टीव्ही आणि मायक्रोवेव्ह मात्र अजिबात खोलू देऊ नका, प्लग काढला तरी आत करंट साठून राहतो.


पोस्टातला:

काढता येतात. खात्याची मुदत उघडल्यापासून एकवीस वर्षं, पैसे पंधरा वर्षंच भरायचे, म्हणजे तुमचे २०३० पर्यंत भरायचे आणि २०३६ ला मुदत पूर्ण. पण मुलगी अठरा वर्षांची झाली किंवा दहावी पास झाली की शिक्षणासाठी मधे पैसे निघतात, मागच्या आर्थिक वर्षाच्या शेवटी जेवढी शिल्लक होती त्याच्या निम्म्यापर्यंत. एकदम काढा किंवा वर्षाला एकदा असं पाच वर्षांपर्यंत हप्त्यानं. मात्र कॉलेजच्या कागदावर जेवढी फी आणि इतर चार्जेस दाखवलेत तेवढेच मिळतात, म्हणून हॉस्टेलची पावती कॉलेजच्याच नावाची घ्या, खाजगी रूमच्या भाड्याला धरत नाहीत. माझा सल्ला, लागतील तेवढेच काढा, व्याज चांगलं आहे, २०२४ ला ८.२ टक्के होतं, एवढं सहसा दुसरीकडं मिळत नाही. एखाद्या वर्षी कमीत कमी २५० रुपये भरायचे राहिले असतील तर खातं बंद पडलेलं दाखवतं, तो हप्ता आणि वर्षाला ५० रुपये दंड भरून आधी ते चालू करून घ्या.

ॲडमिशनचं पत्र, फीची पावती, पासबुक आणि आधार, सगळ्यांच्या झेरॉक्स न्या. पोरीला सोबत न्या, अठरा पूर्ण असतील तर खातं आता तिच्या ताब्यात जातं, केवायसी करून पैसे काढायच्या फॉर्मवर सही तिचीच लागेल, तुमची चालणार नाही.